लोडर आजारी पडतो तेव्हा

उन्हाळ्यात कोणत्याही बागायती गावात गेलात, तर शेणखताचे उकिरडे उपसण्याचे काम चाललेले दिसेल. पूर्वी हे काम घमेल्यांनी होत असे. आता अनेक ठिकाणी ट्रॅक्टरच्या पुढे दोन लोखंडी भुजा आणि त्यांच्या टोकाला एक मोठी बकेट बसवतात. चालक एक दांडा मागे ओढतो आणि पाच क्विंटल खत छातीवर, डोक्यावर, शेवटी ट्रॉलीच्या वर जाते. यालाच लोडर म्हणतात.

गेल्या वैशाखात माझा एक विद्यार्थी मला बोलवायला आला. "सर, आमच्या तात्यांनी लोडरला नवा पंप बसवला, तरी बकेट उचलायला वेळ लागतो आणि वर धरली की हळूहळू खाली येते. तुम्ही आम्हांला द्रवांचा दाब शिकवलात ना, मग एकदा बघायला या." यंत्रदुरुस्ती हा माझा धंदा नव्हे. पण आव्हान पास्कलच्या नियमाला होते, तेव्हा गेलो.

ट्रॅक्टर १९७४ सालचा, पस्तीस अश्वशक्तीचा. लोडर मात्र मागाहून एका वर्कशॉपमध्ये बसवलेला. तात्यांनी बकेट वर करून दाखवली आणि इंजिन बंद केले. इतक्यात आमचे चिरंजीव सिलिंडर दाखवण्यासाठी थेट भुजांखाली वाकले. मी त्याला दंडाला धरून मागे ओढले. ज्या बकेटची तक्रारच "आपोआप खाली येते" अशी आहे, तिच्याखाली डोके घालायचे? तिला वर धरून ठेवणारे फक्त तेल होते, आणि ते तेल कुठून तरी निसटत होते. भुजांखाली जाड लोखंडी टेकू लावल्याशिवाय कोणीही खाली जायचे नाही, हा नियम आम्ही आधी ठरवला. मग कामाला लागलो.

दोन पिचकाऱ्यांचा प्रयोग

लोडरकडे वळण्यापूर्वी तुम्ही घरी एक प्रयोग करा. इंजेक्शनच्या दोन नव्या, सुई नसलेल्या पिचकाऱ्या घ्या. एक ५ मिलिलिटरची, दुसरी २० मिलिलिटरची. त्या पाण्याने भरून सलाइनच्या नळीच्या तुकड्याने जोडा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. आता तीन गोष्टी पाहा.

पहिली : लहान पिचकारीचा दट्ट्या दाबा आणि मित्राला मोठीचा दट्ट्या रोखून धरायला सांगा. तुम्ही थोड्या जोराने जिंकाल, कारण बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो आणि मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ जास्त असते. ब्लेझ पास्कलचा (१६२३–१६६२) हा नियम त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. मात्र मोठा दट्ट्या थोडाच सरकतो. बलात जिंकलो, अंतरात हरलो; कार्य तेवढेच.

दुसरी : मधली नळी चिमटीत धरून अरुंद करा. मोठा दट्ट्या सावकाश सरकेल. पण थांबला की दोन्हीकडचा दाब पूर्वीइतकाच होईल. म्हणजे अडथळ्याने वेग कमी होतो, अखेरचा दाब नव्हे.

तिसरी : मुद्दाम एक बुडबुडा आत सोडा. आता दट्ट्या दाबला की आधी बुडबुडा आवळतो, मग पलीकडचा दट्ट्या हलतो. यंत्र स्पंजासारखे वागू लागते.

या तीन निरीक्षणांत लोडरचे बरेचसे वैद्यक आले. आता रोग्याकडे वळू.

तेलाचा प्रवास

टाकीतले तेल एका जाळीतून गाळून पंपात जाते. पंप ते नियंत्रक झडपेकडे ढकलतो. हिला मिस्त्री लोक 'कंट्रोल व्हॉल्व्ह' म्हणतात. चालकाचा दांडा झडपेतली एक गुळगुळीत लोखंडी कांडी मागेपुढे सरकवतो. या कांडीला 'स्पूल' असे नाव आहे. दांडा 'वर'च्या जागी नेला की तेल सिलिंडरच्या तळाकडे जाऊन दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूचे तेल टाकीत परत येते. 'खाली'च्या जागी याच्या उलट. दांडा मध्यावर सोडला, की सिलिंडरकडे जाणारी दोन्ही तोंडे बंद होतात आणि पंपाचे तेल परस्पर टाकीत फिरत राहते. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, त्यावरच तात्यांचे पैसे वाचायचे होते.

शिवाय एक सुरक्षा झडप असते, म्हणजेच 'रिलीफ व्हॉल्व्ह'. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ लागला की ती उघडून तेल टाकीकडे सोडते. तात्यांच्या लोडरवर ही मर्यादा दर चौरस सेंटीमीटरला १०० किलोग्रॅम होती.

थोडे गणित करू. उचलण्याचे सिलिंडर दोन. प्रत्येकाचा आतला व्यास ५ सेंटीमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटीमीटर. दोन्ही मिळून ४०. तेव्हा जास्तीत जास्त बल ४० × १०० = ४००० किलोग्रॅम वजनाइतके. पण सिलिंडर भुजांच्या बुडाजवळ ढकलतो आणि बकेट टोकाला असते. दट्ट्या ५० सेंटीमीटर सरकला की बकेट अडीच मीटर चढते, म्हणजे पाचपट. म्हणून बकेटपाशी बल उरते पाचवा हिस्सा, ८०० किलोग्रॅम. त्यातून भुजा आणि बकेट यांच्या वजनापोटी सुमारे ३०० वजा केले की खतासाठी ५०० उरतात.

आता वेळ. सिलिंडर भरायला ४० × ५० = २००० घन सेंटीमीटर, म्हणजे २ लिटर तेल लागते. पंप मिनिटाला २० लिटर देतो. तेव्हा बकेट ६ सेकंदांत वर गेली पाहिजे. तात्यांची बकेट १८ सेकंद घेत होती.

तीन प्रश्न

डॉक्टर रोग्याला आधी प्रश्न विचारतो, शस्त्रक्रिया नंतर. लोडरलाही पाना लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. वजन उचलते का? हा दाबाचा प्रश्न. किती वेळात उचलते? हा प्रवाहाचा प्रश्न. उचललेले तसेच राहते का? हा गळतीचा प्रश्न. पुष्कळ माणसे या तिन्हींना मिळून "जोर कमी झाला" असे म्हणतात आणि मग पंपाला दोष देतात. पण पंप दाब निर्माण करत नाही. पंप फक्त तेल ढकलतो. समोर ओझे किंवा अडथळा आला की दाब निर्माण होतो. रिकाम्या बकेटला कमी दाब पुरतो, भरलेल्या बकेटला जास्त लागतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दाबमापकाने दिले. मिस्त्रीने तो पंपाच्या पुढच्या नळीवर बसवला. बकेट पूर्ण वर गेल्यावरही दांडा क्षणभर ओढून धरला, तेव्हा काटा १०० वर गेला. दाब ठीक होता. अर्धा टन खतही उचलले जात होते.

दांडा 'क्षणभर'च का धरायचा? कारण त्या वेळी पंपाचे सगळे तेल सुरक्षा झडपेतून चिरचिर आवाज करत जाते आणि कार्य काहीच होत नाही. मग ऊर्जा जाते कुठे? उष्णतेत. १०० किलोग्रॅमचा दाब आणि मिनिटाला २० लिटर प्रवाह यांचा गुणाकार तीन किलोवॅटहून जास्त भरतो. टाकीतल्या २५ लिटर तेलाचे तापमान त्यामुळे मिनिटाला जवळजवळ ५ अंश सेल्सिअसने वाढेल. तेल फार तापले की पातळ होते, सील कडक होतात आणि नवे आजार सुरू होतात.

घड्याळाची परीक्षा

दुसऱ्या प्रश्नासाठी कोणतेही उपकरण लागले नाही, माझे मनगटी घड्याळ पुरले. रिकामी बकेट वर जायला १७ सेकंद लागले, भरलेली जायला १८. मग तात्यांना इंजिनाची गती वाढवायला सांगितले. पंपाचा कण्हण्यासारखा आवाज वाढला, पण वेळ तेवढाच लागला.

तुम्ही काय अनुमान काढाल? पंप झिजलेला असता, तर दाब वाढताच तेल पंपातल्या फटींतून मागे निसटले असते. मग रिकाम्या बकेटच्या मानाने भरलेल्या बकेटला बराच जास्त वेळ लागला असता. इथे तसा फरक नव्हता. शिवाय गती वाढवूनही प्रवाह वाढत नव्हता. म्हणजे पंप ढकलायला तयार होता, त्याच्यापर्यंत तेलच पोचत नव्हते.

येथे एक गैरसमज दूर करू. पंप तेल 'ओढतो' असे आपण म्हणतो, पण खरे तर तेल पंपाकडे ढकलले जाते ते वातावरणाच्या दाबाने, आणि तो दाब दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम एक किलोग्रॅम. पुढच्या बाजूला शंभराचा दाब आणि मागच्या बाजूला एवढी तुटपुंजी मदत! म्हणून टाकी आणि पंप यांच्यामधली नळी जाड, आखूड आणि मोकळी असावी लागते. तिथे थोडाही अडथळा आला की पंप उपाशी राहतो आणि कण्हतो. तो आवाज ऐकूनच तात्यांना कोणीतरी "पंप गेला" असे सांगितले होते आणि त्यांनी नवा आणला होता. नवा पंपही तसाच कण्हू लागला.

टाकी रिकामी करून जाळी बाहेर काढली, तर तिच्यावर कापडाच्या धाग्यांचा आणि चिखलाचा जाड थर. जाळी धुऊन, नवे तेल घालून पुन्हा वेळ मोजला : साडेसहा सेकंद!

अशाच आवाजाचे दुसरे एक कारण असते. टाकी आणि पंप यांच्यामधल्या नळीचा जोड सैल असला, तर तिथून तेल बाहेर येत नाही, उलट हवा आत शिरते. मग टाकीत फेस दिसतो आणि बकेट गचके खात चढते. पिचकारीतला बुडबुडा आठवा. तेल दुधासारखे दिसले तर काचेच्या पेल्यात घेऊन तासभर ठेवा. निवळले तर त्यात हवा होती. तसेच राहिले तर पाणी मिसळले आहे आणि ते तेल बदललेच पाहिजे.

खाली येणारी बकेट

तिसरा प्रश्न उरला. बकेट वर धरून दांडा मध्यावर सोडला, तर पाच मिनिटांत ती २५ सेंटीमीटर खाली येत होती. बकेट २५, तर दट्ट्या पाचवा हिस्सा, ५ सेंटीमीटर. म्हणजे ४० × ५ = २०० घन सेंटीमीटर तेल पाच मिनिटांत निसटले; मिनिटाला अवघे ४० घन सेंटीमीटर. पंप मिनिटाला २०,००० घन सेंटीमीटर देतो. तेव्हा ही गळती त्याच्या पाचशेवा हिस्सा झाली. एवढ्याशा गळतीने सहा सेकंदांच्या कामात सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा फरक पडेल. म्हणजे "सावकाश चढते" आणि "खाली येते" हे दोन वेगळे आजार होते. दुसऱ्या आजाराशी तर पंपाचा संबंधच नव्हता, कारण दांडा मध्यावर असताना पंप आणि सिलिंडर एकमेकांपासून तुटलेले असतात. इंजिन बंद असतानाही बकेट खाली येत होती, हाच त्याचा पुरावा.

मग दोष कोठे? बाहेर तेलाचा थेंबही दिसत नव्हता. तात्या म्हणाले, "दट्ट्याची सील गेली असणार. दोन्ही सिलिंडर खोलायला सांगितलेत मला." सील ही फार जुनी डोकेदुखी आहे. जोसेफ ब्रामा याने इंग्लंडमध्ये १७९५ साली द्रवदाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले, त्यालाही दट्ट्याभोवतीची गळतीच छळत होती. दाब वाढेल तसा अधिकच घट्ट बसणारा चामड्याचा वाटीसारखा पट्टा, हा त्यावरचा उपाय. त्याचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले याला देतात. लोडरमधल्या सील रबरासारख्या पदार्थाच्या असतात, पण तत्त्व तेच.

तरीही तात्यांचे अनुमान मला पटेना. कागदावर आकृती काढा. दट्ट्याच्या एका बाजूला पूर्ण मोकळी जागा असते. दुसऱ्या बाजूला मात्र दट्ट्याचा दांडा जागा अडवतो. दांडा ३ सेंटीमीटर जाड असेल तर त्याचे क्षेत्रफळ ७ चौरस सेंटीमीटर. आता समजा, सील फाटली आणि दट्ट्या ५ सेंटीमीटर खाली आला. तळाकडून १०० घन सेंटीमीटर तेल निघाले, पण वरच्या बाजूला नवी जागा झाली (२० – ७) × ५ = ६५ घन सेंटीमीटरच. उरलेले ३५ घन सेंटीमीटर तेल जाणार कुठे? दोन्ही तोंडे बंद आहेत. आणि तेल १०० किलोग्रॅमच्या दाबालाही एक टक्क्याहून कमी आकुंचन पावते. म्हणजे केवळ सील फाटल्यामुळे बकेट सतत खाली येत राहूच शकत नाही! तेल सिलिंडर सोडून कोठेतरी गेलेच पाहिजे, आणि बाहेर सांडत नसेल तर ते नियंत्रक झडपेतूनच टाकीत जात असले पाहिजे.

ही गोष्ट तात्यांना कागदावर पटेना, म्हणून मिस्त्रीने परीक्षा घेतली. (हे काम जाणकार मिस्त्रीचेच, तुम्ही करू नका.) भुजा टेकूंवर ठेवल्या, इंजिन बंद केले, दांडा मागेपुढे करून अडकलेला दाब सोडला. दोन्ही सिलिंडरच्या दांड्यांकडच्या नळ्या जिथे एकत्र येतात, तो जोड सोडला. झडपेकडचे तोंड बुचाने बंद केले आणि सिलिंडरकडच्या नळीचे तोंड डब्यात सोडले. मग भुजा टेकूंपासून चार बोटे वर उचलून इंजिन पुन्हा बंद केले. टेकू खाली होतेच. सील फाटली असती तर बकेट खाली येताना डब्यात तेल ठिबकले असते. बकेट खाली आली, पण तेलाचा थेंब पडला नाही. उलट त्या तोंडातून हवा आत जात होती. सील निर्दोष ठरली.

झडप खोलली. तिच्या गुळगुळीत स्पूलवर उभे ओरखडे होते. स्पूल आणि तिचे घर यांच्यामधली फट काही मायक्रॉनचीच असते. आपला केस यापेक्षा कितीतरी जाड. अशा अरुंद फटीतली गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट! तापलेले तेल पातळ होत असल्याने ती आणखी वाढते. म्हणूनच तात्यांची बकेट सकाळी सावकाश आणि दुपारी झपाट्याने खाली येत असे. झडप बदलल्यावर हे थांबले. सिलिंडर खोलावे लागले नाहीत.

मूळ दोषी

ओरखडे कशाने पडले आणि जाळी कशाने तुंबली? उत्तर टाकीच्या तोंडाशी होते. तिचे झाकण दोन वर्षांपूर्वी हरवले होते आणि त्या जागी कापडाचा बोळा कोंबलेला होता. कापडाच्या धाग्यांनी जाळी बुजली; बोळ्यातून शिरलेल्या बारीक मातीने स्पूल खरवडली. एका झाकणापायी नवा पंप उगाच आला आणि नवी झडप घ्यावी लागली. तात्या बराच वेळ त्या बोळ्याकडे पाहत राहिले. मग मुलाला म्हणाले, "आधी झाकण आण बाजारातून, मग जेवायला बस."

आणखी जुन्या ट्रॅक्टरांविषयी

ट्रॅक्टरच्या तेलदाबयंत्रणेला हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) या आयरिश अभियंत्याने मोठे वळण दिले. त्याचा 'टीई २०' हा करड्या रंगाचा ट्रॅक्टर इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. पुढे याच परंपरेतले मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर, १९६० साली स्थापन झालेल्या टॅफे या कंपनीमार्फत, आपल्याकडे आले. 'टीई २०'चा पंप गिअरपेटीच्या तेलातच बुडालेला असतो आणि मागच्या अवजारांना गती देणाऱ्या दांड्यावर चालतो. त्यामुळे क्लच दाबला की पंपही थांबतो. अशा ट्रॅक्टरला लोडर लावला आणि क्लच दाबल्यावर बकेट चढायची थांबली, तर तो बिघाड नाही, ती रचनाच तशी आहे. यंत्र तपासण्यापूर्वी ते मुळात कसे चालायला हवे हे ठाऊक असले पाहिजे.

एक इशारा

नळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले आणि आत १०० किलोग्रॅमचा दाब असला, तर तेलाची धार कातडीत इंजेक्शनसारखी घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, पण आतली इजा बोट किंवा हात गमावण्यापर्यंत जाऊ शकते. गळती हाताने चाचपू नका. पुठ्ठ्याचा तुकडा दुरून फिरवा, तेल त्यावर दिसेल. कोणाला अशी इजा झाली, तर दुखण्याची वाट न पाहता त्याला तत्काळ रुग्णालयात न्या आणि "दाबाचे तेल आत गेले आहे" असे स्पष्ट सांगा.

विचार करा

१. एक लोडर रिकामी बकेट ६ सेकंदांत उचलतो, पण भरलेल्या बकेटला २० सेकंद लागतात. दोष तुम्ही कोठे शोधाल?

२. सिलिंडरचा व्यास ५ ऐवजी ६ सेंटीमीटर केला, पंप तोच ठेवला, तर उचलण्याची क्षमता आणि उचलण्याचा वेळ यांत काय फरक पडेल?

३. सुरक्षा झडपेची मर्यादा वाढवली, तर बकेट अधिक वेगाने चढेल का?

पाना हाती घेण्याआधी कागद, पेन्सिल आणि घड्याळ हाती घ्या. तात्यांच्या लोडरचे दोन्ही आजार ओळखले गेले ते याच साधनांनी. दाबमापकाने आमची खात्री तेवढी करून दिली.